छापील देवाचे विसर्जन

सत्यनारायणाच्या पूजेत पाटावर मांडलेली सुपारी आवाहनापूर्वी सुपारी असते, आवाहनानंतर गणपती होते आणि उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या की पुन्हा सुपारी होते. आणि वऱ्हाडातल्या कोणत्याही घरच्या, अक्षरओळख नसलेल्या आजीलादेखील या तीन अवस्थांत काही विसंगती जाणवत नाही. जड पदार्थात देवत्व आपोआप नांदत नाही, भक्ताच्या विनवणीने ते तेथे येते व त्याच्याच विनवणीने परत जाते, आणि येण्याचा जसा विधी आहे तसाच जाण्याचाही विधी आहे, ही आमच्या मूर्तिपूजेची मूळ भूमिका आहे. परंतु जो देव छापखान्यातून दहा दहा हजार प्रतींनी बाहेर पडतो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दिनदर्शिकेच्या पानावर, उदबत्तीच्या पुड्यावर आणि चौकातल्या फलकावर जाऊन बसतो, त्याचे आवाहन कोणी केले आणि त्याचे विसर्जन कोणी करावयाचे, या प्रश्नाचा विचार आमच्या धर्मचिंतनाने पुरेसा केलेला नाही. आणि तो केला, तर चित्राची सिद्धता व मुद्रणपद्धतीची निवड या निव्वळ व्यापारी समजल्या जाणाऱ्या बाबी धर्मविचाराच्या कक्षेत येतात, असे मला वाटते.

भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: शिळेची, लाकडाची, धातूची, मातीचंदनाच्या लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनाने घडवलेली. कागदावरील चित्र यांपैकी रेखाटलेल्या, म्हणजे लेख्य प्रतिमेत जमा होते. तेथेच पुढे अशीही व्यवस्था आहे की अचल प्रतिमेला आवाहन व विसर्जन नाही, चल प्रतिमेला विकल्प आहे. आणि स्नान सर्व प्रतिमांना घालावे, परंतु लेपाच्या व रेखाटलेल्या प्रतिमा नुसत्या पुसून घ्याव्यात, कारण पाण्याने त्या नष्ट होतील. या शेवटच्या सूचनेत मला फार मोठा अर्थ दिसतो. देवाची सेवा कशी करावी हे ठरविताना देव कशाचा बनला आहे हे विचारात घ्यावे लागते, आणि पदार्थाचा स्वभाव ओळखणे हा भक्तीचाच भाग आहे, अशी कबुली शास्त्रानेच तेथे दिली आहे. मग कागद कोणता, शाई कोणती, ठसा कशाचा, हे प्रश्न धर्माच्या उंबरठ्याबाहेर कसे राहतील?

आमच्या पूर्वजांनी ते बाहेर ठेवलेही नव्हते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पहिले मराठी पंचांग छापले, तेव्हा छापील कागदाला हात लावावा की नाही हाच मुळी वाद होता, कारण शाईत प्राण्यांची चरबी असते अशी सोवळ्या मंडळींची तक्रार होती; आणि त्या तक्रारीवर तोड म्हणून चरबीऐवजी तूप घालून शाई सिद्ध करण्याची तजवीज झाली. आज कित्येकांना ही हकीकत केवळ कर्मठपणाचा दाखला वाटते. मला तीत एका जागृत समाजाचे लक्षण दिसते. त्या मंडळींचा शुद्धतेचा निकष आपल्याला मान्य नसेल, मलाही तो मान्य नाही. परंतु यंत्र नवे असले तरी त्यातून जे निघते त्याची धार्मिक जबाबदारी आपल्यावरच आहे हे त्यांनी मानले, आणि छापणाऱ्यानेही तो आक्षेप धुडकावून न लावता आपल्या कारागिरीतच त्याचे उत्तर शोधले. पुढच्या शतकभरात यंत्रे वाढली आणि प्रश्न विचारणारे कमी झाले.

शिळाछापाच्या पद्धतीत मात्र, कोणी न ठरविता, विसर्जनाची एक रीत अंतर्भूत होती. 1796 च्या सुमारास बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने शोधलेल्या या विद्येचे सारे रहस्य तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे: गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध खडूने चित्र काढावे, शिळा ओली करावी, म्हणजे शाई चित्रालाच धरते व ओल्या भागावरून निसटते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागे. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत काढलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती याच मार्गाने घरोघर पोहोचल्या. छपाई संपली की शिळा वाळूपाण्याने घासून त्यावरील चित्र पुसून काढीत आणि तीच शिळा पुढच्या चित्रासाठी घेत. ज्या पाषाणावर लक्ष्मी अवतरली तो पाषाण लक्ष्मी गेल्यावर पुन्हा कोरा पाषाण होई, अगदी पाटावरच्या सुपारीसारखा. विसर्जन झाले नाही ते त्या शिळेवरून सुटलेल्या हजारो कागदांचे.

वऱ्हाडाचा या गोष्टीशी संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात, 1861 ते 1865 च्या दरम्यान, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. 1867 साली आगगाडी नागपुरापर्यंत गेली आणि अमरावती, अकोला, खामगाव येथील सरक्यांच्या व गाठींच्या पेठा जगाच्या बाजाराला जोडल्या गेल्या. कापूस विलायतेस जाई आणि विलायती कापडाचे तागे इकडे येत, त्या ताग्यांवर परदेशात छापलेली रंगीत तिकिटे चिकटवलेली असत आणि त्यांवर आमचेच देव असत. व्यापाऱ्याला खूण हवी होती. घेणाऱ्याला देव मिळत होता. ज्याने ते तिकीट छापले त्याच्या लेखी ते चिन्ह होते, आणि ज्याने ते जपून भिंतीला लावले त्याच्या लेखी ते दैवत होते. येथे आवाहन कोणत्या क्षणी झाले? माझे उत्तर असे की ज्या क्षणी पाहणाऱ्याचे हात जुळले त्या क्षणी झाले. आणि छापणाऱ्याला तो क्षण कधीच दिसणार नसल्यामुळे, आपली कोणती प्रत देव होईल आणि कोणती रद्दी होईल हे त्याला कळणे शक्य नसल्यामुळे, प्रत्येक प्रत देव होणार आहे असे धरूनच त्याने काम केले पाहिजे.

असे धरून काम करावयाचे म्हणजे काय, हे छापखान्यात उभे राहिल्यावरच समजते. आजच्या ऑफसेट यंत्रात चित्राचे चार रंगांत विभाजन होते: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची निराळी प्लेट, प्रत्येक प्लेटवर बारीक ठिपक्यांची जाळी. गुळगुळीत कागदावर ही जाळी बहुधा इंचाला दीडशे ओळींची असते, म्हणजे एका चौरस इंचात एका रंगाचे साडेबावीस हजार ठिपके येतात. भिंगातून पाहिले तर अंबादेवीचा मुखवटा कोठेच नाही, केवळ ठिपके आहेत. भिंग बाजूला केले की मुखवटा आहे आणि ठिपके नाहीत. दृश्य व अधिष्ठान यांविषयी वेदान्ताने जे विवेचन केले त्याचा इतका स्पष्ट प्रत्यय दुसरीकडे क्वचितच येतो. परंतु ठिपके मिथ्या म्हणून ते कसेही चालतील असे नाही. चार रंगांची जुळणी, ज्याला कारागीर रजिस्टर म्हणतात, केसभर चुकली की देवीच्या डोळ्यांना दुहेरी कडा येतात. कटिंगसाठी चित्राच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर रंग वाढवून ठेवला नाही, तर पात्याखाली प्रभावळ जाते किंवा पावले जातात. चित्र सिद्ध करणाऱ्याच्या हातून याहूनही मोठा प्रमाद घडतो, आणि तो डोळ्यांना खटकतही नाही म्हणून अधिक भयंकर असतो: मजकुराला जागा व्हावी म्हणून तो चित्र आरशातल्यासारखे उलटवितो. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, ज्याचे सोवळे कडक म्हणून सामान्य गृहस्थ त्याला घरात आणावयास कचरतो. विष्णूचे केशव, नारायण, माधव आदी चोवीस मूर्तिभेद तर शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हाती आहेत एवढ्यावरूनच ओळखावयाचे असतात. ते चित्र उलटविले की मूर्ती सुंदरच राहते, मात्र ती दुसऱ्याच नावाची होते. ज्याचे आवाहन केले तो आलाच नाही, अशी ही अवस्था आहे.

आणि मग वाया जाणारे कागद. शाई व पाणी यांचा तोल साधेपर्यंत आणि रंग जुळेपर्यंत शेकडो कागद यंत्रातून जातात; तेच कागद पुढच्या कामाच्या जुळणीसाठी पुन्हा चढविले जातात, आणि लक्ष्मीच्या मुखावर एखाद्या दुकानाचे दरपत्रक उमटते. दसऱ्याच्या सुमारास ज्या यंत्राला हळदकुंकू वाहतात त्याच यंत्राच्या पायथ्याशी हा गठ्ठा असतो. मी येथे कारागिरांना दोष देत नाही. त्यांच्या हाती विधीच दिलेला नाही.

या ठिकाणी कोणी म्हणेल की चित्र म्हणजे नुसते साम्य, साम्यात पावित्र्य कसले? हा आक्षेप अमरावती जिल्ह्याच्याच मातीत सातशे वर्षांपूर्वी अत्यंत गंभीरपणे मांडला गेला आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी; चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी तेथेच लीळाचरित्राची जुळणी केली. महानुभाव पंथाने देवतांच्या मूर्तींची पूजा नाकारली, परंतु ज्या स्थानी ईश्वरावतार बसले, ज्या वस्तूला त्यांचा स्पर्श झाला, ते स्थान व तो प्रसाद वंद्य मानला. त्यांच्या मते पावित्र्य सारखेपणाने संक्रांत होत नाही, संबंधाने होते. या कसोटीला छापील चित्र मुळीच उतरत नाही; शिळाछापात निदान कागदाला शिळेचा स्पर्श होई, ऑफसेटमध्ये तर चित्र प्लेटवरून रबराच्या ब्लँकेटवर आणि तेथून कागदावर जाते, म्हणजे प्लेट आणि कागद यांची भेटदेखील होत नाही. रिद्धपूरचा विचार मला आदरणीय वाटतो, तरी तो संपूर्ण वाटत नाही. त्याच जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीस मुकले, आणि तरीही त्यांनी स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानून कुंकू व मंगळसूत्र धारण केले. त्यांच्याजवळ चित्राचे साम्य नव्हते, अवतारदेहाचा स्पर्शही नव्हता. होती ती भागवताने सांगितलेली मनोमयी प्रतिमा. रूप भक्ताच्या अंतःकरणात घडते, आणि बाहेरचे चित्र तेथपर्यंत नेणारी वाट आहे, असे म्हणावयास या एका जीवनाचा आधार मला पुरेसा वाटतो.

मग देव छापूच नयेत का? असे म्हणणाऱ्याला मी 1927 साल स्मरावयास सांगेन. त्या वर्षी 13 नोव्हेंबरला अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तीत ऐरणीवर होता, आणि पंजाबराव देशमुखांसारखे तरुण त्या सत्याग्रहाच्या पुढाकारात होते. ज्या गावात काही माणसांना देवीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकण्याची मनाई होती, त्या गावात कागदावरची देवी मात्र कोणाची परवानगी न घेता कोणत्याही झोपडीत शिरू शकत होती. कागदाने जातीची चौकशी केली नाही. बंद दरवाजाची भरपाई चित्राने होते असे मात्र कोणी समजू नये. तो अन्याय अन्यायच होता, आणि चित्राचे सांत्वन पुढे करून तो सौम्य ठरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु छापील देवाची ही सर्वगामिता मोलाची आहे, आणि त्याच्या विटंबनेची भीती घालून ती हिरावून घेणे मला मंजूर नाही.

तेव्हा निवड करावयाची ती पद्धतीची, आणि ती कागदाच्या शेवटाकडे पाहून. मालकाने गिऱ्हाइकाला प्रती किती व रंग किती हे विचारावे, त्याबरोबरच या वस्तूचे पुढे काय होणार हेही विचारावे. जी वस्तू भिंतीवर वर्षभर राहावयाची तिच्यावर देव पूर्ण रूपात, उत्तम कागदावर, ऑफसेटने छापावा. लग्नपत्रिका कार्य झाल्यावर राहत नाही. तिच्यावर लॅमिनेशनचा प्लास्टिक पापुद्रा चढवून ती पाण्यात न विरघळणारी करण्यापेक्षा हातकागदावर एका रंगात स्क्रीनने उमटविलेली गणपतीची रेषा पुरे. जे वेष्टण फाडल्यावाचून वस्तू मिळत नाही, त्यावर देवाचे मुख नसावे, हा नियम तर छापखान्यांनी एकमुखाने मान्य करावा अशी माझी विनंती आहे. अकोल्यात श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वरास येतात. त्या दिवसापुरत्या लागणाऱ्या फलकांसाठी शिवाचे मुख फ्लेक्सवर, म्हणजे मातीत न मिसळणाऱ्या, पाण्यात न विरणाऱ्या प्लास्टिकवर छापणे, आणि तो फलक पुढे कोणाच्या गोठ्यावर, कोणाच्या धान्याच्या पोत्यांवर अंथरला जाणे, हे ज्या शिवाला आपण एक तांब्या पाण्याने संतुष्ट होणारा म्हणतो त्याच्याशी सुसंगत नाही. ज्या अकोल्याने जगाला कापूस पुरविला तेथे सुती कापडावर स्क्रीनने छापलेला फलक महाग पडत असेल, तर तो मंडळांनी जपून पुढच्या वर्षी पुन्हा लावावा. कापड धुता येते, घडी घालून देवघराशेजारी ठेवता येते, जीर्ण झाल्यावर मातीला देता येते.

एक गाठ मात्र माझ्याने सुटलेली नाही. चित्र टाळून नुसते नाव छापावे, तर वारकऱ्यांच्या सिद्धान्तानुसार नाम आणि रूप यांत भेद नाही, आणि मग पावतीच्या माथ्यावरचे ‘श्री’ हेही विसर्जनाची वाट पाहणारे दैवतच ठरते. जमाखर्चाच्या वह्या बदलताना जुन्या वहीच्या पहिल्या पानाला नमस्कार करून मगच ती रद्दीत देणारे व्यापारी आमच्याकडे होते. त्यांनी स्वतःपुरता एक विधी निर्माण केला होता. छापखान्याच्या गठ्ठ्यासाठी तसा विधी कोणता, हे धर्मशास्त्री आणि मुद्रक यांनी एकत्र बसून ठरवावयास हवे, आणि त्या बैठकीत यंत्रावर उभा राहणारा कारागीर प्रथम बोलला पाहिजे, कारण ते कागद रोज त्याच्याच हातून जातात.