फुलण्यासाठी किती थंडी?

सोसल्यावाचून माणूस फुलत नाही, असे आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगण्यात येते. त्याच्या पुष्ट्यर्थ कुंडीतल्या ऑर्किडचा दाखलाही आमच्या ऐकण्यात आला आहे. हे झाड उबेत ठेवले तर वर्षानुवर्षे नुसती पाने धरून बसते आणि थंडी लागली की पुन्हा फुलते, असा तो दाखला. उदाहरण खरे आहे. परंतु त्यावरून काढलेले अनुमान तपासून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण त्याचा आधार घेऊन आपण मुलांशी आणि घरातल्या दुबळ्यांशी कसे वागतो, हा लहानसहान प्रश्न नव्हे.

आधी झाडाची हकीकत पाहू. लग्नात किंवा निरोपसमारंभात भेट म्हणून येते ते बहुधा फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड. पाकोळ्या बसल्यासारखी त्याची फुले दोन-तीन महिने टिकतात. ती गळाली की घरची मंडळी झाड संपले असे समजून कुंडी परसात टाकून देतात. वास्तविक पाने ताठ व मुळे भरीव असतील तर झाड जिवंत आहे. दांडा हिरवा असल्यास खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापावा, वाळला असल्यास बुडाशी. माती मुळीच घालू नये. हे मूळचे झाडांच्या फांद्यांवर राहणारे. त्याच्या मुळांना वारा लागतो. म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे एवढेच कुंडीत असावे. मुळे रुपेरी दिसू लागली की पाणी द्यावे, हिरवी असेपर्यंत थांबावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. (फांदीवर राहते म्हणून पुष्कळ लोक त्याला बांडगूळ समजतात, तो त्याच्यावर अन्याय आहे. ते फांदीचा आधार घेते, रस घेत नाही.)

आता थंडीचा मुद्दा. रात्री १६ ते १८ अंश आणि दिवसा २५ च्या आत, असे काही आठवडे मिळाले की दांडा धरतो. बेळगावची नोव्हेंबर ते जानेवारीची हवा यासाठी चांगली. डिसेंबरात दांडा दिसला तर सुमारे तीन महिन्यांनी, म्हणजे ईस्टरच्या आगेमागे, फुले येतात. पण हीच थंडी १० अंशांच्या खाली गेली तर पाने खराब होतात, झाड दगावतेही. आणि ज्या झाडाला आधीचे सहा-आठ महिने पुरेसा उजेड मिळाला नाही, त्याला कितीही थंडी दाखवा, दांडा येत नाही. फूल घडते ते पानांनी उजेडात साठवलेल्या अन्नावर. थंडी ही केवळ ऋतू पालटल्याची खूण असते.

दाखला देणारे उपदेशक नेमके एवढेच गाळतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत ज्या बायकांची उमेद धुळीत गेली, त्यांना सोसल्याने माणूस फुलतो असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्यांच्या वाट्याला थंडी कमी आली नव्हती. उणे होते ते दुसरेच.

मग शिस्त नकोच काय, असे शाळेतील शिक्षक बंधुभगिनी विचारतील. तसे आम्ही म्हणत नाही. सदैव उबेत ठेवलेले झाड फुलत नाही हे वर सांगितलेच आहे. लाडाने मूल बिघडते हेही आपण पाहतो. आमचे म्हणणे एवढेच की कठोर होण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी उजेडाचा हिशेब द्यावा. वचन पाठ न करणाऱ्या मुलाला वर्गात उभे करण्यापूर्वी त्याच्या घरी वचन वाचून दाखवणारे कोणी आहे काय, हे आपण विचारले आहे काय? लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या दाखल्यात माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, ते नुसते वाट पाहत बसण्यासाठी नाही. तो खणणार आहे, खत घालणार आहे. अर्थात ऑर्किडला तसे शेणखत घातले तर मुळे कुजतील. म्हणजे ममता असूनही भागत नाही; समोरचे झाड कोणते हे ओळखावे लागते.

जांबोटी-चोर्ल्याच्या रानात सीतेची वेणी हे ऑर्किड मे-जूनच्या सुमारास कोणी न पाहता फुलते. ते काढून घरी आणू नये. तिथे ऊन आणि गारवा यांचे माप कोणा माणसाच्या हाती नाही. कुंडीचे तसे नाही. ती कोणत्या खिडकीत ठेवायची हे आपण ठरवतो, म्हणून तिच्याविषयी जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. यंदा नोव्हेंबरात ती पूर्वेच्या खिडकीत ठेवा, आणि पौषातल्या कडाक्याच्या रात्री निजण्यापूर्वी उठून ती आत घ्या.