डोळा कोणाचा, निवड कोणाची?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता घरोघरची गोष्ट झाली आहे. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांत कोणाचा ना कोणाचा डोळा ‘करून घ्यायचा’ राहिलेला असतोच, आणि उपासना संपल्यावर आवारात एकमेकांची विचारपूस चालते तेव्हा हा विषय हमखास निघतो. पूर्वी अशा वेळी एकच प्रश्न विचारला जाई : “दिसू लागलं का?” आता त्याच्या आधी दुसरा येतो : “लेन्स कोणती टाकली?” आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज जरा खाली आणून, तिसरा : “केवढ्याला पडली?”

वरवर पाहता लेन्सची निवड ही डॉक्टरांची आणि खिशाची बाब आहे. परंतु थोडा विचार केला तर तीत एक नैतिक प्रश्न दडलेला आढळतो. रुग्णालयात काय घडते ते पाहा. तपासणी होते, औषध घालून बाहुली मोठी करतात, यंत्राने डोळ्याची लांबी मोजतात. मग एका टेबलापाशी बसवून किमतींचा तक्ता पुढे ठेवतात. त्यात साधी लेन्स असते, घडीची असते, परदेशी असते, टोरिक आणि मल्टिफोकलही असते. काही हजारांपासून रक्कम चढत चढत लाखाच्या घरात जाते. हा तक्ता बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या हाती दिला जातो. ज्याचा डोळा आहे तो वृद्ध माणूस औषधामुळे त्या क्षणी एक अक्षरही वाचू शकत नाही. तो शेजारच्या खुर्चीत मुकाट बसून असतो. अशा वेळी निवड कोण करतो, कशाच्या आधारे करतो, आणि कोणासाठी करतो?

आधी या वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. मोतीबिंदूवर आपल्या देशात सुश्रुताच्या काळापासून उपचार होत आले; पण त्या पद्धतीत धूसर झालेले भिंग सुईने बाहुलीसमोरून बाजूला ढकलीत, इतकेच. १७४७ साली फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी ते भिंग डोळ्याबाहेर काढले. तरी काढलेल्या भिंगाच्या जागी पुढली दोनशे वर्षे काहीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छते फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ती छते काचेची नसून ॲक्रिलिक प्लास्टिकची होती. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले की, असे कण आत राहिले तरी डोळा ते निमूट सहन करतो. १९४९ साली सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. त्या काळच्या अनेक नामवंत नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. मान्यता मिळावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि २००० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

आपल्याकडे ही सोय सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यास आणखी काळ लागला. शिबिरात डोळा करून आलेले आजोबा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. त्यांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा असे. त्यातून प्रत्येक वस्तू प्रत्यक्षापेक्षा बरीच मोठी आणि जवळ दिसे; पायरीचा अंदाज चुके, पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडे. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. हे चित्र बदलण्यात मदुराईच्या अरविंद रुग्णालयाचा वाटा मोठा आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांनिशी ते सुरू केले. १९९२ साली त्यांच्याच परिवारातील ‘ऑरोलॅब’ने भिंगे येथेच बनविण्यास आरंभ केला, आणि परदेशातून शंभर डॉलरच्या आसपास पडणारे भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, त्यावरून प्रमाण कळते. आंधळेपणा आणि साधे भिंग यांत जे अंतर आहे ते प्रचंड आहे. साधे भिंग आणि महागडे भिंग यांत जे अंतर आहे ते त्या मानाने फारच थोडे आहे. किमतीच्या तक्त्यावर मात्र हे उलटे दिसते. तेथे पहिली पायरी लहान आणि शेवटची उंच. तक्ता पाहून मन घाबरे होते ते यामुळेच.

आता भिंगांचे गुणदोष. आपले जन्मजात भिंग मऊ असते. तरुणपणी ते आकार बदलून जवळचेही दाखवते आणि दूरचेही. चाळिशीच्या सुमारास ते ताठर होते, म्हणून तर वाचण्याच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो. पुढे तेच गढूळ झाले की मोतीबिंदू. कृत्रिम भिंग गढूळ होत नाही, परंतु तरुण भिंगासारखा आकार बदलणे त्याला साधत नाही. साधे, म्हणजे मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर नेमके दाखवते. बहुधा ते दूरचे ठेवतात आणि वाचण्यास चष्मा लागतो. मल्टिफोकल भिंग प्रकाशाची वाटणी करून दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवते. चष्म्याची गरज पुष्कळ कमी होते हे खरे. पण वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि अंधुक प्रकाशात उठाव कमी पडतो. डोळ्याचा पडदा मधुमेहाने किंवा वयाने खराब झालेला असेल, अथवा काचबिंदूने नुकसान झालेले असेल, तर डॉक्टर सहसा हे भिंग सुचवीत नाहीत. टोरिक भिंग बुबुळाचा वाकडा नंबर सुधारण्यासाठी असते. तो दोष नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

महाग भिंगाचे सगळे गुण खोटे असतात असे मात्र नव्हे. घडीचे भिंग अगदी लहान छेदातून आत जाते आणि जखम लवकर भरते. चांगल्या जातीच्या घडीच्या भिंगामागे काही महिन्यांनी वा वर्षांनी येणारी धूसर जाळीही कमी येते. आणि ती आली तरी लेसरने थोड्या वेळात दूर करता येते. परंतु अनुभवी हातांनी, टाका न घालता, साध्या पद्धतीने बसवलेले भिंगही उत्तम दृष्टी देते. नेपाळमध्ये डॉ. संदुक रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून २००७ साली हेच दाखवून दिले. थोडक्यात, प्रत्येक भिंग काहीतरी देते आणि त्याबदली काहीतरी मागते. म्हणून “सगळ्यांत चांगली लेन्स कोणती?” या प्रश्नाला उत्तरच नाही. “कोणासाठी?” हे आधी विचारावे लागते.

माझ्या मते नैतिक प्रश्न उभा राहतो तो येथेच. कोणासाठी, हे सांगू शकणारा माणूस एकच असतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंना लहानपणापासून लांबचा चष्मा आहे. जवळचे मात्र त्या चष्मा काढून वाचतात. रात्री अंथरुणावर पडून पुस्तक वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे हे सारे उघड्या डोळ्यांनी चालते. त्यांच्या डोळ्यात रिवाजाप्रमाणे दूरचे भिंग बसवले. शस्त्रक्रिया उत्कृष्ट झाली. रस्त्यापलीकडची पाटी दिसू लागली. पण पन्नास वर्षे जे सुख चष्म्याविना लाभले होते, ते गेले. वास्तविक तेच साधे भिंग, त्याच किमतीत, जवळच्या नंबराचे बसवता आले असते. त्याला एक पैसाही जास्त पडला नसता. लागला असता तो फक्त एक प्रश्न : “दिवसभर तुम्ही काय काय करता?”

शुभवर्तमानातील बार्तीमयाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या त्या आंधळ्याला काय हवे होते हे गर्दीतल्या कोणीही सांगितले असते. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून, त्याच्यासाठी काय करावे अशी त्याची इच्छा आहे, हे आधी त्यालाच विचारले. हा प्रश्न माहितीसाठी नव्हता. ज्याला सर्वजण ‘गप्प बस’ म्हणून दटावीत होते, त्याला आपली गरज स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा मान त्या प्रश्नाने मिळाला. उलट बाजूला इसहाकाचे घर आहे. त्याचे डोळे मंद झाले होते, आणि घरातली महत्त्वाची गोष्ट त्याला न दिसता, त्याच्या पाठीमागे ठरली. दृष्टी अधू झालेल्या माणसाशी वागण्याचे हे दोन मार्ग आजही आपल्यापुढे आहेत.

कोणी म्हणेल, विचारून उपयोग काय? आई म्हणणार, “माझं आता काय राहिलंय? सगळ्यांत स्वस्त असेल ती टाका.” हा आक्षेप खरा आहे, आणि येथेच विवेक लागतो. आई जे बोलते ते तिच्या डोळ्याविषयी नसते. ते मुलाच्या कर्जाविषयी आणि नातीच्या फीविषयी असते. ते शब्दशः घेऊन स्वस्तात सुटणे म्हणजे तिच्या प्रेमाचा गैरफायदा घेणे होय. पण ते बाजूला सारून “काही नाही, आईला सगळ्यांत महागडीच” म्हणणे हेही ऐकणे नव्हे. पुष्कळदा त्यामागे भावंडांपुढे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे मिरवण्याची हौस असते. कधी वर्षानुवर्षे न केलेल्या विचारपुशीची भरपाई एका बिलात करण्याची धडपड असते. कंजुषी आणि बडेजाव ही दोन टोके दिसायला विरुद्ध आहेत, तरी दोहोंतही वृद्ध माणूस बाजूलाच राहतो.

यावर उपाय साधा आहे. लेन्सविषयी विचारू नये; दिवसाविषयी विचारावे. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय पाहता? वाचता का, आणि कोणत्या उजेडात? रात्री बाहेर जाता का, गाडी चालवता का? चष्मा लावण्याचा कंटाळा आहे की त्याचे काहीच वाटत नाही? वयाची साठ वर्षे चष्मा लावलेल्या पुष्कळ माणसांना तो नसला तर चेहरा उघडा पडल्यासारखा वाटतो! त्यांना चष्म्यापासून सुटका विकण्यात काय अर्थ? उलट एखादा रात्री बस हाकणारा असेल, तर दिव्यांभोवतीची कडी त्याच्या पोटावर येतील. या उत्तरांनिशी डॉक्टरांपुढे जावे. डॉक्टरांनीही, आणि तक्ता दाखविणाऱ्यांनीही, प्रत्येक भिंग काय देते याबरोबर काय मागते हे सांगणे हा त्यांचा धर्म आहे. ‘जास्त पैसे म्हणजे जास्त नजर’ असा समज होऊ देणे हे असत्यच होय, मग तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारलेला नसो.

आणि पैसे नसतील तर? येथे मनातील लाज आधी काढून टाकली पाहिजे. सरकारी रुग्णालयात, धर्मादाय संस्थेत किंवा आयुष्मान भारत योजनेत बसवलेले भिंग हे कमी प्रेमाचे चिन्ह नव्हे. महागड्या भिंगासाठी पैसे साठेपर्यंत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे हे मात्र खरोखर घातक आहे. मोतीबिंदू अतिशय पिकला की शस्त्रक्रिया अवघड होते, आणि तोवर अंधारात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तर दोष कोणाला द्यावयाचा? एका डोळ्यात लाखाचे भिंग घालून दुसरा डोळा तसाच ठेवण्यापेक्षा, दोन्ही डोळ्यांत साधी भिंगे घालणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

ज्यांना ऐपत आहे त्यांनी आपल्या पैशाने आपल्याला सोयीचे भिंग घेतले तर त्यात पाप नाही. मदुराईच्या रुग्णालयात तर पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातूनच न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. तरी ज्याला स्वतःचा डोळा मिळाला, त्याने आपल्या गल्लीत, आपल्या मंडळीत कोणी भिंतीला हात लावून चालत असेल तर त्याची चौकशी करावी. कोणते भिंग, हा प्रश्न त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नाही.

आपल्या घरी ही वेळ येईल तेव्हा एवढे करावे. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, बाहुली मोठी करणारे औषध पडण्याआधी आणि तक्ता हाती येण्याआधी, ज्यांचा डोळा आहे त्यांच्यापाशी निवांत बसावे. त्यांना काय काय पाहावयाचे आहे ते विचारावे, आणि पहिले उत्तर “माझं काय!” असे आले तरी उठून न जाता पुढले उत्तर येईपर्यंत थांबावे.