दारावरचे नवे

आश्विनातल्या नवान्न पौर्णिमेला कोकणातील घराघरांच्या दारांवर जे ‘नवे’ बांधले जाते, त्याच्यासाठी बाजारातून एकही जिन्नस आणावा लागत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेतातील भाताची पिकलेली लोंबी, नाचणीचे आणि वरीचे कणीस, बांधावर आपोआप उगवलेल्या कुरडूचा गुलाबी तुरा, अंगणातले झेंडूचे फूल, एवढाच त्याचा सरंजाम; आणि हे सारे आंब्याच्या पानात गुंडाळून त्याची जुडी आवळायची, ती केळीच्या सोपापासून काढलेल्या दोऱ्याने. हा दोरा कोरडा असता ताणाने तुटतो, म्हणून तो आधी पाण्यात भिजत घालतात, आणि मग तो असा लवचिक होतो की घरातले लहान मूलही त्याची गाठ बिनदिक्कत मारू शकते. दारापाठोपाठ देव्हारा, तुळशीवृंदावन, नांगर, धान्याची कणगी यांनाही एकेक जुडी लाभते. ज्या अवजाराने वर्षभर राबून अन्न दिले, त्याचा सन्मान करण्याची ही तजवीज मला कोणत्याही मौल्यवान अलंकारापेक्षा अधिक सुसंस्कृत वाटते.

शहरातील बिऱ्हाडात लोंबी मिळणे दुरापास्त, हे खरे. परंतु दाराला निदान तोरण बांधण्यासाठी आंब्याची पाने, सुतळी आणि खराट्याचे चार हीर तेथेही दुर्मिळ नाहीत. पानाचे देठाकडील टोक सुतळीवरून दुमडून त्यात हिराचा तुकडा टोचला, की पान जागचे हलत नाही. मधूनमधून झेंडू ओवावा, आणि बांधण्याचे काम घरातील मुलांकडे सोपवावे.