मौनाची मुदत

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात सतराव्या कलमाखाली दोन लहानशी उदाहरणे दिलेली आहेत. नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभावीत अशी ती आहेत. एक गृहस्थ लिलावात आपला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्यास ठाऊक असते; पण तो त्याविषयी अक्षरही काढीत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच आणि विकणाराही तोच. परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या आहे. येथे मात्र बापाने खोड सांगितलीच पाहिजे, असे तोच कायदा बजावतो. तात्पर्य, मौन हे असत्य आहे की नाही, हे मौनाकडे पाहून ठरत नाही. ते कोणाजवळ पाळले यावरून ठरते.

विम्याचा करार यांपैकी कोणत्या प्रकारात बसवावा? वरवर पाहता तो बाजारातील व्यवहार आहे. पण न्यायशास्त्राने त्यास बाजारातून उचलून घरात आणले आणि ‘परम सद्भावाचा करार’ असे नाव दिले. कारण उघड आहे. ज्याचा विमा उतरवावयाचा त्याच्या देहाची हकीकत त्याच्यापेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार? म्हणून बापाने मुलीस जे सांगावे, ते विमेदाराने कंपनीस सांगावे, असा दंडक पडला.

या दंडकाचे मूळ म्हणून १७६६ सालच्या एका इंग्लिश खटल्याकडे बोट दाखविण्यात येते. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याच्यासाठी, किल्ला परकी शत्रूच्या हाती पडेल या धोक्याचा विमा लंडनमध्ये उतरविण्यात आला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला दुबळा आहे आणि शत्रू येण्याचा संभव आहे हे आपणांपासून लपविले, अशी विमा देणाऱ्याने तक्रार केली. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सद्भावाचे तत्त्व सांगितले खरे. पण ते दोन्ही पक्षांस लागू केले, आणि निकाल कार्टरच्या बाजूने राहिला. युद्धाचा संभव लंडनमध्ये बसूनही कळण्याजोगा होता. विमा देणाऱ्याने न विचारता हप्ता घेतला, त्याने मागाहून अज्ञानाची सबब सांगू नये, असा त्याचा आशय होता. ज्या निर्णयाचा दाखला पुढे विमेदारांस त्यांचे मौन बाधावे म्हणून वारंवार देण्यात आला, त्या निर्णयात विमेदारच जिंकला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आमच्याकडे १९३८ च्या विमा कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाने या सद्भावास प्रथम मुदत घातली. दोन वर्षे लोटल्यावर केवळ चुकीच्या विधानावरून पॉलिसी मोडता येत नसे. विधान महत्त्वाचे होते, ते कपटाने केले होते आणि करणाऱ्यास त्याचा खोटेपणा ठाऊक होता, या तिन्ही गोष्टी कंपनीने सिद्ध कराव्या लागत. मिठूलाल नायक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९६२ मध्ये स्पष्ट केले. विमेदार वारला होता १९४६ मध्ये. त्याने आजार लपविल्याचे सिद्ध झाले, म्हणून पंचवीस हजारांची रक्कम तर गेलीच, भरलेले हप्तेही परत मिळाले नाहीत.

२०१५ च्या दुरुस्तीने मात्र मोठे पाऊल टाकले. तीन वर्षे पूर्ण झाली की आयुर्विम्याची पॉलिसी कोणत्याही कारणावरून, कपटाच्या कारणावरूनसुद्धा, वादात ओढता येत नाही. त्या वेळी वृत्तपत्रांतून गाजली ती परकी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९ वर गेल्याची बातमी. पुढे २०२१ मध्ये ती ७४ आणि डिसेंबर २०२५ च्या कायद्याने १०० टक्के झाली, तेव्हाही चर्चा भांडवलाचीच. पण कपटास मुदत घालावी की नाही, हा प्रश्न आम्हांस भांडवलापेक्षा खोल वाटतो.

कारण आक्षेप साधा नाही. तीन वर्षे टिकलेले असत्य सत्य होते काय? विम्याचा निधी कंपनीच्या तिजोरीत असला, तरी तो हजारो हप्तेकऱ्यांच्या घासातून साठलेला असतो. लबाडाच्या वारसास मिळालेला पैसा प्रामाणिकांच्या हप्त्यांतून जातो. चोराने तीन वर्षे पकडले जाऊ नये आणि मग चोरीचा माल त्याचा व्हावा, हा कसला न्याय? या प्रश्नास हसण्यावारी नेता येणार नाही.

तरीही आम्ही त्या मुदतीच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण असे. विमेदाराच्या सत्याची चौकशी सामान्यतः केव्हा होते? तो जिवंत असताना नव्हे. हप्ते वेळेवर येत असतात तोवर कोणी काही विचारीत नाही. तो गेला आणि घरच्यांनी दावा दाखल केला, की मग रुग्णालयांचे जुने कागद धुंडाळले जातात. आरोप होतो तो अशा माणसावर, की ज्यास उत्तर देता येत नाही. आणि उत्तर मागितले जाते ते अशा विधवेकडे, की जिने तो कागद पाहिलेलाही नसतो. मॅन्सफील्डचा सद्भाव येथे एका अंगाने लुळा पडतो. सत्य हवे असेल तर ते जिवंत माणसास विचारावे, असेच जणू ही तीन वर्षांची मुदत कंपनीस सांगते. तिने लबाडीस क्षमा केलेली नाही. तिने आळसास शिक्षा केली आहे.

इंग्लंडने २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकावरील ‘आपण होऊन सांगण्याचे’ ओझे काढले; विचारलेल्या प्रश्नांस काळजीपूर्वक खरे उत्तर द्यावे, एवढेच कर्तव्य ठेवले. आमचे सर्वोच्च न्यायालयही तारतम्य पाहत आले आहे. २०१९ मध्ये, दुसऱ्या कंपनीची मोठी पॉलिसी न सांगणाऱ्याच्या वारसाविरुद्ध त्याने निकाल दिला. २०२५ मध्ये, मोठी सांगून किरकोळ रकमेच्या न सांगणाऱ्याच्या वारसाची बाजू उचलून धरली. कंपनीस निर्णय घेण्यापुरते सत्य मिळाले होते काय, हा तेथे प्रश्न होता.

हे सारे लिहीत असता आम्ही स्वतः न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलो नाही, हे कबूल केले पाहिजे. अडीच वर्षांपूर्वी येथे हैदराबादेत आम्ही एक पॉलिसी घेतली. प्रपोजल फॉर्म एजंट गृहस्थच भरीत होते. रक्तदाबाचा रकाना आला तेव्हा आम्ही सांगितले, की पूर्वी काही महिने गोळी घेत होतो. त्यांनी मान हलविली. ‘नक्को साब, हौ लिखे तो डाक्टर कने जाना पड़ता,’ असे आपल्या मधुर दखनीत म्हणत त्यांनी तेथे ‘नाही’ लिहिले, आणि आम्ही सही केली. कराराच्या कामी असा मध्यस्थ कंपनीचाच प्रतिनिधी समजावा, असे पंचेचाळिसावे कलम आता सांगते. तेव्हा आमच्याजवळ कायदेशीर बचाव नाही असे नाही. पण सही एजंटाची नव्हती.

तीन वर्षे भरण्यास आता सहा महिने उरले आहेत. गप्प बसलो आणि जगलो, तर त्या ‘नाही’विषयी कोणी विचारू शकणार नाही. आज कळविले, तर हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीही जाईल. आतापर्यंतचे मौन आळसाचे होते, असे आम्ही मनास समजावू शकतो. पण कायदा वाचल्यानंतरचे मौन हिशेबाचे होईल. आणि तेथे घोडा विकणाऱ्यात व आमच्यात काही अंतर राहणार नाही.

हा पेच आम्ही घरात सांगितला. आमच्या कुटुंबाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हटले, ‘अहो, मग आजच पत्र टाका. सहा महिन्यांत काही बरेवाईट झाले, तर मागून येऊन विचारतील ते मला. मी काय सांगू?’

मॅन्सफीलडपासून आजवरच्या साऱ्या वादाचे मर्म तिने एका प्रश्नात सांगितले, असे आम्हांस वाटले. पत्र आम्ही त्याच दिवशी टाकले आहे. कंपनीचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.