खांब की माणूस

वाहनांच्या वावरात काम करणाऱ्या माणसाने ठळक दिसेल असा पोशाख घालावा, ही रीत आता जगभर रुळली आहे. हमरस्त्यावर डांबर टाकणाऱ्यांसाठी 'आयएसओ २०४७१' हे कडक मानक आहे. त्याखालच्या, म्हणजे मध्यम जोखमीच्या कामांसाठी युरोपात २०२० साली 'ईएन १७३५३' आले. गोदामातला हमाल किंवा पार्किंगमधला रखवालदार बहुधा याच वर्गात मोडतो. या मानकात दिवसापुरता 'ए', अंधारापुरता 'बी' आणि दोन्हींसाठी 'एबी' असे पोशाखाचे प्रकार आहेत.

जोखीम वाहनाच्या वेगावरून ठरते, पण निव्वळ वेगावरून नाही. जो स्वतः रहदारीत सामील आहे आणि ज्याचे लक्ष रस्त्याकडे आहे, तो ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वाहनांतही मध्यम जोखमीत धरला जातो. ज्याचे लक्ष हातातल्या कामात गुंतले आहे, त्याच्यासाठी ही मर्यादा १५ किलोमीटरवर येते. कामात गढलेल्या माणसाला स्वतःची पाठ राखता येत नाही, हे मानकाने इथे मान्य केले आहे. मग ती कुणी राखायची, हा प्रश्न कापडाचा नाही. तो पाहणारा आणि दिसणारा यांच्यात जबाबदारी कशी वाटायची याचा आहे.

असलेली वस्तू दिसत का नाही, याचा विचार भारतीय दर्शनांनी फार बारकाईने केला आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत त्याची आठ कारणे येतात: अति दूर असणे, अति जवळ असणे, इंद्रियातला बिघाड, मन ठिकाणावर नसणे, वस्तूची सूक्ष्मता, मध्ये आड येणारे काही, अधिक प्रखर गोष्टीने झाकोळणे आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. जगाचे मूळ मानलेली प्रकृती दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही, हे पटवण्यासाठी ही यादी दिली आहे. पण पोशाख निवडणाऱ्याला तिच्याइतकी कामाची यादी दुसरी मिळणार नाही.

यांतल्या चार कारणांवर कापड उपाय करते. अंतर आणि सूक्ष्मता यांवर उतारा म्हणजे रंगाचे क्षेत्रफळ आणि परावर्तक पट्टी. फ्लुरोसंट रंग अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ दिवशी किंवा दिवेलागणीच्या आधी तो उठून दिसतो. रात्री दिव्यांखाली हे बळ जवळजवळ संपते आणि सारी भिस्त पट्टीवर येते. पट्टीतले काचमणी आलेला प्रकाश आल्या वाटेने परत धाडतात, त्यामुळे ती फक्त त्यालाच लखलखीत दिसते ज्याचा दिवा त्याच्या डोळ्यांजवळ आहे. (डोळ्यातून तेज निघून वस्तूला भिडते, असे न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक मानत. भौतिकशास्त्रात ते टिकले नाही, पण रात्रीच्या रस्त्यावर हेडलाइटच्या बाबतीत जवळपास तेच घडते.) हेडलाइट न लावता फिरणाऱ्या फोर्कलिफ्टपुढे ही पट्टी कुचकामी ठरते. तिथे गोदामात चांगला उजेड आणि अंगावर रंगाचा मोठा पट्टा हवा.

झाकोळण्याचे कारण समोरून येणाऱ्या गाडीचा झोत किंवा मावळतीचा सूर्य. पट्टी त्यावर थोडीच मात करते. मिसळून जाण्याला टीकाकारांनी मुगाच्या राशीत टाकलेल्या मुगाचा दाखला दिला आहे, आणि निवडीत सर्वांत जास्त चूक होते ती इथेच. पोपटी जाकीट पावसाळ्यातल्या हिरव्या शेताच्या कडेला विरून जाते. नारंगी शंकूंच्या रांगेत नारंगी जाकीट हा आणखी एक शंकू असतो. म्हणून आधी कामाची जागा पाहावी आणि मग रंगाचा तक्ता उघडावा.

काहीतरी आहे एवढे दिसून भागत नाही. संधिप्रकाशात समोर उभा आहे तो खांब की माणूस, हे न्यायदर्शनातले संशयाचे नेहमीचे उदाहरण आहे. हातपाय दिसले, हालचाल दिसली की हा संशय फिटतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ साली प्रयोगाने हेच दाखवले: अंधारात केवळ सांध्यांवर बसवलेले प्रकाशबिंदू हलू लागले की पाहणाऱ्याला चालणारा माणूस ओळखू येतो. छातीवरची एकुलती पट्टी दुरून फलकासारखी वाटू शकते. मनगट आणि घोटे यांवरच्या पट्ट्या पावलागणिक हलतात आणि माणूस असल्याचे सांगतात. मध्यम जोखमीच्या मानकात हातापायांवरच्या पट्ट्यांसाठी 'बी२' असा वेगळा प्रकार आहे. खरेदी करणारे मात्र सवयीने बिनबाह्यांच्या जाकिटावर थांबतात, आणि उकाड्यात त्याची पुढची चेन उघडी राहिली की छातीवरची आडवी पट्टीही मधोमध तुटते.

उरलेल्या चार कारणांपुढे कापड हतबल आहे. ट्रकच्या केबिनला चिकटून उभा असलेला कामगार अति जवळ असल्यामुळेच दिसत नाही. उलट येणाऱ्या टेम्पोच्या मागचा माणूस आडोशात असतो. चालकाची नजर अधू असेल किंवा मन मोबाइलमध्ये असेल, तर सर्वांत भडक रंगही वाया जातो. मन दुसरीकडे असले की डोळ्यांपुढचे दिसत नाही, ही गोष्ट बृहदारण्यक उपनिषदाने नोंदवली आहे. चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही, हा मानसशास्त्रज्ञ सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ सालचा प्रयोग त्याच जातीचा.

जबाबदारीचा तराजू परंपरेत एकाच बाजूला झुकलेला नाही. जैन साधूंच्या ईर्यासमितीत, म्हणजे चालण्याच्या नियमात, सारा भार चालणाऱ्यावर आहे: सुमारे चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकायचे. मुंगीने ठळक दिसावे अशी अपेक्षा तिथे कुणी करत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांचा विचार आहे. गाडीवानाने बाजूला होण्यासाठी ओरडून सांगितले असेल तर दंड माफ. गाडीवानच अडाणी असेल तर दंड मालकावर. इशारा दिला की दोष सरकतो, ही कल्पना जुनी आहे, आणि जाकिटाच्या बाबतीत ती उलटी फिरते. जाकीट न घातलेला कामगार दगावला की 'घातले का नव्हते' हा पहिला प्रश्न त्याच्याकडेच वळतो. युरोपीय समुदायाचा १९८९ सालचा कामगार सुरक्षा निर्देश याला आळा घालतो: धोका मुळाशी निपटावा आणि सामूहिक उपायांना वैयक्तिक साधनांच्या आधी स्थान द्यावे. वाट वेगळी करणे, वेग बांधणे, गाडी मागे घेताना माणूस उभा करणे हे आधी, जाकीट त्यानंतर.

अंगावरची खूण नेहमी रक्षणासाठीच असते असेही नाही. पेशवाईत अस्पृश्यांना मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे आणि पुण्यात कमरेला झाडू लावावा लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले. ती खूण इतरांनी विटाळ टाळावा म्हणून होती. आजचे जाकीट धडक टळावी म्हणून असते. हा फरक मोठा आहे, पण तो आपोआप टिकत नाही. सफाईचे काम आजही बऱ्याच अंशी त्याच जातींकडे आहे, आणि पाठीवर ठेकेदाराचे नाव ठसठशीत छापलेल्या जाकिटाचा रंग उडून गेला असेल, तर ते सुरक्षेचे साधन उरत नाही, नुसती ओळखखूण होते. फ्लुरोसंट रंग उन्हाने आणि धुण्याने मरतो. किती धुण्यांपर्यंत तो पुरेल याचा आकडा दिला असेल तर तो आतल्या लेबलवर असतो. युरोपीय नियमांत साधन फुकट देणे आणि निवडीत कामगारांचे मत घेणे मालकावर बंधनकारक आहे. जाकीट उकाड्यात अंगावर राहते का, वाकल्यावर पट्टी झाकली जाते का, हे ते घालणाऱ्यालाच माहीत असते.