सोडलं तर किती?

वाई तालुक्यातल्या एका विकास सोसायटीत या गोष्टीतल्या आई अकरा वर्षं लिपिक होत्या. पीककर्जाचे अर्ज भरायचे, कर्जरोखे लिहायचे, अंगठे घ्यायचे. अंगठ्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न : "वाचून दाखवू का?" दहातले नऊ जण म्हणायचे, "ताई, तुम्ही लिहिलंय न्हवं? मग झालं." दहाव्यासाठी मात्र त्या अख्खा कागद वाचायच्या, आणि हप्ता थकला तर काय, ते कलम दोनदा.

पुढे दिरांनी अमेरिकेत भरलेला अर्ज पंधराएक वर्षांनी पिकला आणि सगळं कुटुंब ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत आलं. एडिसनला, ओक ट्री रोडच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. नवरा गोदामात लागला, त्या एका डबे पुरवणाऱ्या किचनमध्ये पोळ्यांवर. दिवसाला तीनशे पोळ्या. लिहिणारा हात लाटायला लागला, आणि घरातले कागद आपोआप मुलांकडे गेले. इंग्रजी त्यांना येत होतं ना.

थोरलीने कम्युनिटी कॉलेज धरलं. दोन वर्षांचं, परगण्याच्या आणि राज्याच्या पैशावर चालणारं, कमी फीचं. (१९०१ साली शिकागोजवळ जॉलिएटला निघालेल्या अशा पहिल्या कॉलेजाच्या नावात 'ज्युनिअर कॉलेज' आहे, आणि अशा कॉलेजांना तेच नाव पडलं होतं, म्हणून नातेवाइकांचा बराच गोंधळ व्हायचा : "बारावी झाली ना तिची? मग परत?") सरकारी मदतीचा एकच अर्ज असतो, त्याला सगळे 'फॅफ्सा' म्हणतात. तो तिने एका रात्रीत भरला. घरचं उत्पन्न कमी, त्यामुळे पेल ग्रँट पूर्ण मिळाली. १९७२ च्या कायद्यातून आलेली ही मदत. ऱ्होड आयलंडच्या सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव तिला १९८० मध्ये लागलं. २०२३-२४ ला वर्षाचे जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. फेडायचे नाहीत. सत्राला निम्मे, म्हणजे ३,६९७. बारा क्रेडिटची फी २,४०० कॉलेजने कापून घेतली आणि उरलेले १,२९७ डॉलर तिच्या खात्यात आले.

"आई, रिफंड आला!"

"आपण भरले नव्हते, तर परत कसले आले?"

"अगं, इथे त्याला रिफंडच म्हणतात."

आईच्या कपाळाला एक आठी पडली आणि गेली. पोळ्यांची वेळ झाली होती. मला विचाराल तर गोष्टीतली चूक इथेच झाली, पुढे जे घडलं तो नुसता तिचा हिशेब. ज्या बाईने अकरा वर्षं लोकांना "वाचून दाखवू का" विचारलं, तिने आपल्या मुलीला विचारलं नाही, "मला वाचून दाखवतेस का?" आणि 'रिफंड' हा शब्द तरी कसा, तर आपलेच पैसे आपल्याला परत मिळाल्यासारखा! त्यातून जुना लॅपटॉप आला, बसचा पास आला, बाकीचे घरभाड्यात गेले.

ऑक्टोबरात गावाहून फोन आला. आजी अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करायचं होतं. बापाला रजा नाही. आईने पोळ्या सोडल्या तर जागा गेलीच. थोरली म्हणाली, मी जाते. त्यात चूक काहीच नव्हती, आणि ती चूक होती असं आजतागायत त्या घरात कुणी म्हटलेलं नाही.

जायच्या आधी ती कॉलेजात गेली. लांब बोळ, दोन्ही अंगांना खिडक्या. डावीकडच्या खिडकीत तिने विचारलं, "सगळे कोर्स सोडायचे असतील तर काय करायचं?" आतल्या मुलाने अगदी नीट सांगितलं : पोर्टलवर जा, 'विथड्रॉ' दाब, कारण निवड. हसून बोलला, आजीची चौकशीसुद्धा केली. तिने तिथेच उभ्या उभ्या फोनवर बटण दाबलं. समोरच्या अंगाला, सहा पावलांवर, आर्थिक मदतीची खिडकी होती. तिथे रांग नव्हती. तिकडे जायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि डावीकडच्या मुलाला जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

तारीख १६ ऑक्टोबर २०२३, घटस्थापनेचा दुसरा दिवस. १०५ दिवसांच्या सत्रातला बेचाळिसावा.

आजी वॉकर धरून चालायला लागली. थोरली दिवाळी करून परतली, तर कॉलेजचं बिल आलेलं : १,४४० डॉलर.

त्याचा हिशेब असा. सरकारी मदत सत्राच्या सुरुवातीला हातात पडते, पण 'कमवावी' लागते ती दिवसामाशी. सत्राचे साठ टक्के दिवस ओलांडले की सगळी तुमची. त्याआधी सगळे विषय सोडले, तर जेवढे दिवस बसलात तेवढीच. ती बसली चाळीस टक्के. उरलेल्या साठ टक्क्यांतला फीपुरता वाटा, म्हणजे २,४०० चे साठ टक्के, कॉलेजला सरकारकडे परत भरावा लागला. कॉलेजने फी माफ केलेली नव्हती, ती ग्रँटमधून घेतली होती. ग्रँट परत गेली, फी राहिली. ती आता मुलीच्या नावावर. भरेपर्यंत पुढच्या सत्राची नोंदणी बंद. मागोमाग दुसरं पत्र : बारापैकी पूर्ण केलेले क्रेडिट शून्य, प्रगती असमाधानकारक, पुन्हा असं झालं तर मदतही थांबेल.

आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि बोटांनी दिवस मोजले. १०५ चे साठ टक्के त्रेसष्ट; चौसष्टावा दिवस निघाला ७ नोव्हेंबर. वसुबारसेच्याही आधी.

"बावीस दिवस," ती म्हणाली. एवढंच.

बावीस दिवस आजीचं हाड थांबलं नसतं, हे खरंच. पण दुसऱ्या वाटा होत्या. एक-दोन विषय ऑनलाइन धरून ठेवले असते, तर 'सगळे सोडले' असं झालंच नसतं. काही प्राध्यापक अडचण सांगितली तर निकाल 'अपूर्ण' ठेवून नंतर काम पुरं करू देतात. समोरच्या खिडकीत दहा मिनिटांत हे कळलं असतं.

मग कॉलेजने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! कायदाच आहे तसा. मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला विद्यार्थ्याला ग्राहक समजून माहिती उघड करावी लागते : एकूण खर्च किती, किती मुलं पदवी पुरी करतात, सोडलं तर पैशांचं काय. पदवी पुऱ्या करणाऱ्यांचे आकडे १९९० च्या कायद्याने उघडे केले. २००८ च्या कायद्याने प्रत्येक कॉलेजला खऱ्या खर्चाचा अंदाज देणारं गणनयंत्र संकेतस्थळावर ठेवायला लावलं. थोरलीच्या कॉलेजचंही सगळं होतं, पानाच्या अगदी तळाशी, करड्या अक्षरांत. 'मी वाचलं आहे' या चौकटीत तिची खूणही होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काचेची पेटी असते ना, आत नोटीस, बाहेर कुलूप, काचेवर धूळ? नोटीस लागली नाही असं कोण म्हणेल!

जानेवारीपासून थोरली दुकानात कामाला लागली. १८० डॉलरचे आठ हप्ते.

तोवर धाकट्याची पाळी आली. त्या वर्षी फॅफ्साचा नवा, सोपा केलेला फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या शेवटी उघडला, मग त्यातली गणितं चुकली, आणि देशभर मुलं पत्राची वाट बघत बसली. धाकट्याचं पत्र जुलैत आलं. तो नाचतच आत आला.

"आई, कॉलेज मला १२,८९५ डॉलर देतंय!"

"देतंय, का उसने देतंय?"

हातचं पीठ झटकून ती खाली बसली. चष्मा लावला, त्याचीच पेन्सिल घेतली. "वाच. एकेक ओळ. मराठीत सांग." पेल ग्रँट ७,३९५. "हे फेडायचं?" नाही. पेन्सिलीने बरोबरची खूण. सबसिडाइज्ड लोन ३,५००. "लोन म्हणजे कर्जच ना? मग देणग्यांच्या यादीत काय करतंय?" शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं, असं त्याने वाचून सांगितलं. "मुद्दल?" मुद्दल आपण. आडवी रेघ. अनसबसिडाइज्ड लोन २,०००. त्याचं व्याज पैसे हाती पडल्याच्या दिवसापासून. रेघ, जरा दाबून. तळाला 'एकूण मदत' लिहिलं होतं. ते खोडून तिने खाली मराठी आकड्यांत ७,३९५ लिहिले.

यात त्या कॉलेजचं काही विशेष नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये अशी पत्रं तपासली, तेव्हा ९१ टक्के कॉलेजं विद्यार्थ्याच्या खिशातून नक्की किती जाणार ते एक तर सांगतच नव्हती, किंवा कमी करून सांगत होती. सोसायटीतल्या एखाद्या सचिवाने कर्ज आणि अनुदान एका रकान्यात घालून बेरीज दाखवली असती, तर ऑडिटरने त्याला दुपारचा चहासुद्धा पिऊ दिला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने किचनमध्ये अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. लग्नकार्य सोडून मागितलेली पहिलीच. दोन्ही पोरांना घेऊन ती कॉलेजच्या त्या बोळात गेली. थोरली सवयीने डावीकडे वळली. आईने तिचा दंड धरला आणि मोजत मोजत उजवीकडे नेलं.

खिडकीत चष्मा दोरीला अडकवलेल्या एक वयस्क बाई होत्या. धाकटा बोलायला पुढे झाला, आईने त्याला मागे सारलं. वाक्य तिने पोळ्या लाटताना जुळवून ठेवलं होतं.

"इफ बॉय लीव्ह, हाउ मच?"

बाईंना वाटलं, मुलगा सोडून चाललाय. "तो सोडतोय? का?"

"नो, नो. नॉट लीव्ह. टुडे जॉइन. बट इफ लीव्ह." तिने पिशवीतून कालनिर्णय काढून खिडकीच्या फळीवर पसरलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यावर बोट ठेवलं, मग ऑक्टोबर, मग नोव्हेंबर. "हियर लीव्ह, हाउ मच? हियर लीव्ह, हाउ मच?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. भरती व्हायच्या आधी हे कुणी विचारत नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पडदा हिच्याकडे फिरवला, सत्राची तारीखवार यादी काढली आणि बोलायला सुरुवात केली. साठ टक्क्यांचा दिवस. एकच विषय सोडला तर. सगळे सोडले तर. आजारपण आलं तर आधी कुणाकडे यायचं. मुलं भाषांतर करायला लागली. आईने हात वर करून त्यांना थांबवलं. आकडे तिला कळत होते.

बोलणं संपलं तेव्हा मागे चार जण उभे होते. बाईंनी विचारलं, आणखी काही?

आईने पत्राची कोरी बाजू वर केली, पेन्सिल त्यावर ठेवली आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

"लिहून द्या," ती म्हणाली. मराठीतच.