वाचता येण्याआधी वाचनालय

अजून अक्षरओळख नाही, मग तीन वर्षांच्या पोराला वाचनालयातल्या गोष्टींच्या कार्यक्रमाला कशाला न्यायचं? तर अक्षराआधी कान तयार होतात म्हणून. ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारणारं मूल निम्मं वाचक झालेलंच असतं. कानाबरोबर हातालाही पुस्तकाची सवय हवी. सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं घराघरांत पुस्तकं हाताळायला मोकळी ठेवली आहेत. पोरं दंगा करतात, पानं फाडतात, हे खरंच. पण नुसतं जपूनही पुस्तकं टिकत नाहीत. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं २०१९ च्या महापुरात गेली. वाचनालय तगतं ते उद्याच्या सभासदांवर. आजीची गोष्ट घरात असतेच, म्हणाल. असू द्या की! वाचनालयात मात्र शेजारचं अनोळखी मूलही गोष्टीतल्या त्याच राक्षसाला घाबरतं. तेव्हा नातवंडांना जवळच्या वाचनालयात न्या. गोष्टींचा कार्यक्रम नसेल, तर ग्रंथपालांकडे हक्कानं मागा.